आधी हाक सुखीबाईची

हंसाबाईला तोंड आवरत नाही, हे अख्ख्या फुलसावंगीला ठाऊक होतं. वसतिगृहात पोरींसाठी दोनशे पोळ्या लाटायची, आणि लाटणं थांबलं तरी जीभ थांबायची नाही. ख्रिस्ती झाल्यापासून तर तिला बोलायला मोठा विषयच सापडला होता. त्याच बोलण्यापायी पाच किलोमीटरवरचा माहेरचा बंजारा तांडा तिला आठ वर्षं बंद होता.

झालं होतं असं. तांड्यात माणूस गेलं की बाया एकमेकींच्या गळ्यात पडून, गाण्यासारखा लांब सूर काढून रडतात. त्यालाही क्रम असतो. घरच्या बाईने आधी गेलेल्याला हाक घालायची, मग आलेलीने सूर धरायचा. हंसाबाईची आई, तिची याडी, गेली तेव्हा ही नवी नवी ख्रिस्ती. हाकेची वाट न बघता उभी राहिली आणि म्हणाली, "रडू नका, याडी देवाजवळ गेली." भाऊ भीमसिंगने तिला दंडाला धरून तांड्याबाहेर सोडलं. ती बोलली त्यात खोटं काही नव्हतं. वेळ मात्र साफ चुकली होती, आणि हे उमजायला तिला बरीच वर्षं लागली.

सतरा सालच्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली आणि अळी काही केल्या मरेना. फवारता फवारता भीमसिंग शेतातच कोसळला. यवतमाळच्या दवाखान्यात दोन दिवस काढले आणि संपला. त्याला जाळून आल्यावर त्याच्या मुलीचा, जयाचा फोन आला.

"आत्या, याडी रडूनच नाई राह्यली. जेवण नाई, झोप नाई. नुसती भिंतीले टेकून हाय. मले लय भेव वाटते. तू ये."

कसलं भेव, ते विचारायची गरज नव्हती. त्या वर्षी घरोघर विष होतं, आणि घरोघर त्याला औषधच म्हणत.

पास्टर सुनीलने तिला मोटरसायकलवर नेलं. पोरगा गुणी, पण शब्दांचं पोतं सदा भरलेलं. वाटेतच सुरू झाला, "मावशी, दुःखात मन उघडं असते. आज बोलाच लागते."

"उघडं असते म्हणजे जखम असते, पास्टर," हंसाबाई म्हणाली. "तिच्यात बोट नाई घालाव. म्या एक डाव घालून पाह्यलं."

ओसरीवरच्या बायांनी तिला पाहून तोंडं फिरवली. लालीबाई म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी पुटपुटली, "आली. आता म्हणन, रडू नोका." हंसाबाईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते तिने गिळलं. भीमसिंगची बायको सुखीबाई भिंतीला टेकून होती, डोळे कोरडे ठक्क. हंसाबाई भावजयीसमोर दोन हातांच्या अंतरावर बसली. भाऊ तिचाही गेला होता, आठ वर्षांचा अबोला न सोडता गेला होता, आणि तिचं ऊर फुटायला आलं होतं. पण पहिली हाक सुखीबाईची. तोवर तोंड उघडायचं नाही, असं तिने ठरवलं.

तो दिवस गेला, दुसराही गेला. गप्प बसणं हंसाबाईसारखीला उपासाहून जड. बायबलातलं एकेक वचन घशापर्यंत यायचं आणि ती दात आवळायची. "प्रभू, कधी बोलू?" एवढंच मनात विचारायची, आणि प्रभू काही सांगायचा नाही. तिला त्याचा रागही आला. जया भाकर आणून ठेवी, सुखीबाई ताट सारून देई.

तिसऱ्या सकाळी पास्टर सुनील पुन्हा आला आणि दारात टेकला. बाया पाण्याला गेल्या होत्या. तेवढ्यात सुखीबाईने तोंड उघडलं.

"बाई, ते औषध म्याच कालवलं. अळी मरत नाई म्हणून दोन औषधं एका बादलीत ओतले. ते म्हणत होते, एकच टाक. म्या म्हटलं, दोन टाकले त लवकर मरते. तेच मेले."

सुनील पुढे सरकला. त्याची कळकळ खरी होती. "वहिनी, देव क्षमा..."

हंसाबाईने मागे न बघता हात वर केला आणि तो जागीच थिजला. क्षमा या शब्दावर तिचा जीव होता, त्याच्याच जोरावर ती जगत होती. पण या घटकेला तो उच्चारला की गुन्हा पक्का झाला. हो, तूच मारलंस, एवढंच सुखीबाईला त्यातून ऐकू आलं असतं.

सुखीबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. शिवी येईल, उपदेश येईल, काहीतरी येईल. काहीच आलं नाही. वेळ फार लांबली. आपण चुकतोय, हिला आपल्या हाताने मारतोय, असं हंसाबाईला वाटलं.

मग सुखीबाईच्या गळ्यातून हाक फुटली. नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नव्हतं तिने, ते घेतलं. "भीमसिंगा रे!"

हंसाबाई झेपावली, तिच्या गळ्यात पडली आणि सूर धरला, "वीरा रे, माह्या वीरा!" भावाला अशी हाक तिने आठ वर्षांत मारली नव्हती. पाण्याला गेलेल्या बाया धावत आल्या, हंडे अंगणात टेकवून त्याही रडायला बसल्या. लालीबाई सगळ्यांत मोठ्याने रडली.

दुपारी सुखीबाईने अर्धी भाकर खाल्ली. मग घरात गेली आणि एक बाटली आणून हंसाबाईच्या मांडीवर ठेवली. तळाला चार बोटं औषध होतं.

"हे माह्यासाठी ठेवलं होतं," ती म्हणाली. "सकाळी ठरवलं होतं, पह्यले तुले सांगतो. मंग तू एक शबद जरी बोलली का उठतो अन् घेतो."