शेवटच्या बाकावरचे सर

दादाचं काही अडलं नाही. तो चौदा वर्षांचा. नव्या देशातली भाषा त्याला येत नव्हती, पण चेंडू येत होता. पहिल्याच आठवड्यात शाळेच्या मैदानावर त्यानं दोन गोल मारले आणि त्याला मित्र मिळाले. घोडं अडलं ते ठकूचं. ठकू त्याची धाकटी बहीण, सात वर्षांची. घरात तिची टकळी सुरू झाली की ऐकणाऱ्याचे कान किटायचे. पण शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की तोंडात मिठाची गुळणी.

ही सगळी वरात या देशात आली होती ती आईमुळे. आई फिजिओथेरपिस्ट. अपघातात पाय गमावलेल्यांना नकली पायांवर चालायला शिकवणारं एक केंद्र इथे होतं. तिथे दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून काम करायचं तिच्या मनानं घेतलं. आईबरोबर मुलं आली आणि मुलांना कोण बघणार म्हणून बाबाही आले. बाबा म्हणजे शाळेत गणित शिकवणारे सर. तिकडे सगळं गाव त्यांना सर म्हणायचं. बायकोसुद्धा थट्टेत सुरुवात करून शेवटी तेच म्हणायला लागली होती. कोथिंबिरीची जुडी आणायला निघाले तरी वाटेत कोणीतरी माजी विद्यार्थी सायकलवरून उतरून नमस्कार करायचा. इथे कोपऱ्यावरचा दुकानदार त्यांना ओळखायचा तो बोट दाखवून वस्तू मागणारा माणूस म्हणून.

सकाळी बायको केंद्रात गेली, मुलं शाळेत सोडून झाली, की सर तीन खोल्यांत एकटे उरत. भांडी घासून होत, कपडे वाळत पडत, आणि घड्याळ बघावं तर अजून दहासुद्धा वाजलेले नसत. दिवसभर कोणाशी बोलणं नाही. संध्याकाळी मुलं आली की पहिलं वाक्य बोलताना त्यांना घसा खाकरून साफ करावा लागे.

एक दिवस ठकूच्या वर्गाच्या बाईंनी सरांना फाटकाशी थांबवलं. त्यांना थोडं इंग्रजी यायचं, यांनाही थोडं यायचं. उरलेलं दोघं हातवाऱ्यांनी भागवत.

"ती बोलत नाही," बाई म्हणाल्या. "डबा उघडत नाही. पाणीसुद्धा मागत नाही. तुम्ही काही दिवस वर्गात बसाल का? तिच्याजवळ?"

सर लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

दुसरीच्या वर्गातला बाक तो केवढा! सर बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागायला आले. पोरं खो खो हसली. ठकूनं त्यांची बाही घट्ट धरून ठेवली. वर्ग आकडे म्हणत होता. सरही म्हणायला लागले. वीस वर्षं पोरांकडून पाढे घोकून घेणारा माणूस, आता स्वतः एक ते वीस घोकत होता आणि चुकत होता.

पुढच्या बाकावर समोरचे दोन्ही दात पडलेली एक पोरगी होती. सर तिला मनातल्या मनात दातपडकी म्हणत. तिनं त्यांना आपल्या शिकवणीत घेतलं. सरांचा उच्चार चुकला की ती वळून डोळे मोठे करायची आणि हवा सोडत तो शब्द पुन्हा म्हणायची. दात नसल्यानं तिचाही नीट यायचा नाही. दोन्ही बाजूंनी आनंदीआनंद. वर्गानं सरांना एक नाव पाडलं. बाईंनी हसत अर्थ सांगितला, 'उंच मुलगा'.

काही दिवसांचे कित्येक आठवडे झाले. सरांना आता सकाळी उठायला कारण होतं. ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघत. बायको म्हणायची, "सर, दुसरीत पास झालात तर पेढे वाटीन हो."

बाई फळ्यावर बेरीज लिहीत तेव्हा मात्र त्यांच्या बोटांना खडू आठवायचा. एकदा पोरांना हातचा समजेना. बाईंनी परोपरीनं सांगितलं. सर अर्धे उठलेसुद्धा. हातच्याची गोष्ट सांगायची त्यांची खास तऱ्हा होती; तिकडे मठ्ठातला मठ्ठ पोरगा तिच्यामुळे सुधारायचा. पण सांगणार कोणत्या भाषेत? ते पुन्हा खाली बसले.

ठकू बोलली ती रागानं. सरांना त्या भाषेतला 'सात' काही केल्या म्हणता येत नव्हता. त्या दिवशी त्यांनी तो असा काही उच्चारला, की सगळा वर्ग लोळला. काहीतरी भलताच अर्थ झाला असावा. पोरं पोट धरून हसत होती आणि सरही बावळटासारखे हसत होते. ठकू ताडकन उभी राहिली. लाल चेहऱ्यानं तिनं तो शब्द म्हटला. स्वच्छ, खणखणीत. मग त्याच भाषेत वर्गाला म्हणाली, "हसू नका!"

वर्ग चिडीचूप. बाई फळ्यावर लिहीत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही, नुसत्या लिहीत राहिल्या. सरांना ते फार आवडलं. त्यांनीही तसंच केलं असतं.

मग काय, बांध फुटला. आठवड्याभरात ठकू दातपडकीच्या शेजारी जाऊन बसली. सर शेवटच्या बाकावर एकटे. ठकू मधूनमधून वळून बघायची. मग तेही कमी झालं.

एका दुपारी घरी येताना तिनं रस्त्यातच सांगितलं, "बाबा, उद्यापासून तू येऊ नकोस."

"का ग?"

"कोणाचेच बाबा येत नाहीत." थोडं चालल्यावर ती म्हणाली, "आणि तू खूप मोठ्यांदा म्हणतोस."

बायकोला काय आनंद झाला! तिनं ठकूला उचलून गरगर फिरवलं. "सर, जिंकलात तुम्ही!" म्हणाली. सरही हसले. ज्यासाठी अट्टाहास केला ते झालं होतं. तरी रात्री त्यांनी उद्याचा शर्ट इस्त्री करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ठकूला फाटकात सोडून ते घरी गेलेच नाहीत. शाळेच्या भिंतीला वळसा घालून मागच्या गल्लीत गेले. तिथे एका बंद दुकानाची पायरी होती. वर दुसरीच्या वर्गाची खिडकी, पलीकडे जाळीआड मैदान. ते पायरीवर बसले. खिडकीतून आकडे ऐकू आले तसे ओठांतल्या ओठांत म्हणू लागले. मग रोजचाच परिपाठ झाला. संध्याकाळी बायको विचारी, "आज काय केलंत?" सर म्हणत, "काय नाही केलं ते विचार." आणि ती दमलेली असल्यामुळे पुढे विचारत नसे.

हे फुटलं ते दादाकडून. एका रात्री जेवताना तो घास नुसता चिवडत बसला होता.

"काय झालं रे?" आईनं विचारलं.

"बाबा, तू शाळेमागे का बसतोस?" तो ताटाकडे बघत म्हणाला. "मैदानावरून दिसतोस. मुलं विचारत होती, तो माणूस कोण."

"मग काय सांगितलंस?"

दादाच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. "मला माहीत नाही म्हणालो."

सरांनी दादाच्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलंस," ते म्हणाले. "मीही तेच सांगितलं असतं." खरं तर ते शब्द त्यांना कुठेतरी खोल लागले होते, पण पोराला काय बोलणार? त्याला मित्रांत राहायचं होतं.

सकाळी निघताना बायको एवढंच म्हणाली, "दुपारी केंद्रात या. दोघांचा डबा घेऊन."

सर गेले. मोठ्या दालनात समांतर दांड्यांना धरून माणसं पाऊल टाकायला शिकत होती. बायको एकाच्या बाजूनं वाकून चालत होती, हातानं त्याचा गुडघा सरळ करत होती. कामात अगदी वाघीण. मग जेवणाची सुट्टी झाली. तिचे सहकारी खिडकीजवळच्या टेबलाशी जमले, कोणीतरी विनोद केला, सगळे हसले. बायकोही हसली, पण सगळ्यांच्या मागून, क्षणभर उशिरा. मग ती भिंतीशी ठेवलेल्या व्यायामाच्या गादीवर येऊन बसली. तिची तिथे बसायची सवय दिसत होती.

सर डबा उघडत म्हणाले, "मला वाटलं तू रमलीस इथे."

"कामात रमले. माणसांत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझ्या हौसेपायी सगळं घर उचलून आणलं. मीच रडायला लागले तर तुम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचं?" तिनं पोळीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला. "आणि तुम्ही रोज इतके खूश दिसायचात. मला तर हेवा वाटायचा."

सरांना हसू आलं. "आपली दोघांची आंधळी कोशिंबीरच झाली."

ती हसली. या वेळी उशीर न करता.

त्या दिवसापासून सर रोज दुपारी तिथे जाऊ लागले. जेवण झालं की कुबड्यांची झिजलेली रबरी टोपणं बदलायची, चाकांच्या खुर्च्यांना तेल घालायचं, अशी बिनबोलीची कामं करत. केंद्रातली माणसं त्यांना बघून मान हलवत. कोणी फार बोलायला येत नसे. घरी परतल्यावर खोल्या तशाच शांत असत. पण बायको आता संध्याकाळी 'काय केलंत' एवढ्यावर थांबत नसे.

वर्षाच्या शेवटी शेवटी दातपडकी घरी खेळायला यायला लागली. तोवर तिला नवे दात आले होते. दोघी पलंगावर बसून इतक्या भराभर बोलत, की सरांना एखाददुसराच शब्द सापडे. एकदा त्या पोट धरधरून हसत होत्या. सर कांदा चिरता चिरता दारात आले.

"काय ग, काय झालं एवढं?"

ठकूनं मराठीत सांगायचा प्रयत्न केला. दोनदा अडखळली. मग म्हणाली, "जाऊ दे बाबा, मराठीत त्याचं हसू नाही येत." आणि चपला पायात सरकवून दोघी जिन्यावरून धडाधडा खाली गेल्या.

सर खिडकीशी आले. खाली रस्त्याच्या कडेला दोघी थांबल्या होत्या. 'थांब ग, मी येतो,' असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. ठकूनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मैत्रिणीचा हात धरला आणि रस्ता ओलांडला. पलीकडे गेल्यावर तिनं वर पाहिलं नाही. त्या वळणाआड दिसेनाशा झाल्या तरी सर थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग ओट्याकडे गेले आणि उरलेला कांदा चिरू लागले.