इडिओपॅथिकचं पथ्य

लांजीत कुणाकडे इंग्रजी कागद आला, की तो आधी शालिकराम गुरुजींच्या ओट्यावर जायचा. गुरुजींना शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण त्यांचं इंग्रजी काही निवृत्त व्हायला तयार नव्हतं. विजेची नोटीस असो की विम्याचं पत्र, ते चष्मा पुसायचे, दोनदा "हं" म्हणायचे आणि अर्थ सांगून टाकायचे. अर्थ बरोबर की चूक हे तपासणार कोण? म्हणून तो बरोबरच असायचा.

त्या दिवशी शेजारचा घनश्याम आला, सोबत बायको रुख्माबाई. तीन महिन्यांपासून घनश्यामच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठत होत्या. खाजवून खाजवून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा तो गोंदियाला मोठ्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं चार बाटल्या रक्त काढलं, गोळ्या दिल्या आणि कागदावर लिहिलं : क्रॉनिक इडिओपॅथिक अर्टिकेरिया.

"गुरुजी, मले काय झालं म्हंते हा?" घनश्यामनं विचारलं.

पहिला आणि शेवटचा शब्द गुरुजींनी अंदाजानं मारून नेला : जुनं दुखणं, अंगावरच्या गांधी. मधल्यापाशी गाडी अडली. ओट्यावर आणखी चार माणसं कान टवकारून बसलेली. त्यांच्यासमोर हात वर करायचे म्हणजे आयुष्यभराची अब्रू वेशीवर टांगायची. गुरुजींना होमिओपॅथी ठाऊक होती, ॲलोपॅथी ठाऊक होती. बुडत्याला काडीचा आधार.

"इडिओपॅथी बी एक पॅथीच हाय. होमिओपॅथीत कांदा-लसूण बंद राह्यते ना? तसा हिच्यात भात बंद."

"भात?" घनश्यामचा चेहरा उतरला.

"एक शीत बी नाही."

स्वतःच्या बांधीत चिन्नोर धान पिकवणारा हा माणूस. आयुष्यात दोन वेळा भाताशिवाय जेवला असेल तर शपथ. पण गुरुजींनी सांगितलं म्हणजे डॉक्टरांनीच सांगितलं. घनश्याम पोळ्या चावू लागला. दीड महिन्यात त्याच्या गळ्याची हाडं वर आली, पँट दोरीनं बांधायची वेळ आली. गांधी मात्र इमानानं रोज उठत होत्या.

इकडे शब्द गावभर झाला. विमलाबाईची म्हैस एकाएकी आटली, तीही इडिओपॅथिक. बालाघाटची बस आली नाही, इडिओपॅथिक. गंमत अशी, की गावानं शब्द अगदी बरोबर वापरला. चुकला तो फक्त अर्थ सांगणारा.

हे गुरुजींना कळलं रविवारी. नात श्रुतिका बालाघाटला नर्सिंग शिकत होती, ती सुटीवर आली. तिनं घनश्यामकाकांना पाहिलं, हकिकत ऐकली आणि कपाळावर हात मारला.

"आबा, इडिओपॅथिक मतलब, कारण मालूम नाही! डॉक्टरले बी नाही. भाताचा त्याच्यात काही संबंधच नाही."

"मंग तसं सरळ लिवाव ना त्यानं!"

"सरळ लिहिलं तर फीस कोण देईन?"

गुरुजींना डॉक्टरचा भयंकर राग आला. माहीत नाही हे झाकायला ग्रीक शब्द वापरतो, लबाड! मग आपण काय वापरलं ते आठवलं आणि राग जागच्या जागी बसला. चप्पल घालून ते घनश्यामकडे गेले.

"घनश्याम, भात खा. त्या शब्दाचा अर्थ हाय, कारण सापडलं नाही."

घनश्यामनं हातातली पोळी खाली ठेवली. मग त्याचे डोळे भरून आले.

"समजलो, गुरुजी. मी आता वाचत नाही. म्हणून तुमी म्हंता, जे मनात येईन ते खाऊन घे."

गुरुजींनी शपथ घेतली, श्रुतिकाचं नाव सांगितलं. काही उपयोग नाही. खोटं एका दमात गिळलेला माणूस खऱ्याला तोंड उघडेना. शेवटी गुरुजींनी चष्मा पुसला.

"हं. हं. अरे, पथ्य दीड महिन्याचंच राह्यते. काल संपलं."

"असं सांगा ना मंग!" घनश्यामनं ताट ओढलं. रुख्माबाईनं चुलीमागून पातेलं काढून वाढलं : वाफाळता भात, वर वरण. पहिला घास घेताना त्यानं डोळे मिटले. "पाह्य रुख्मे, गुरुजीले सारं मालूम राह्यते."

रुख्माबाईनं आणखी एक मूद वाढली. गुरुजी निघाले तशी दारापर्यंत मागे आली.

"गुरुजी, यायले नाही समजलं, मले समजलं. दीड महिना मी चुलीमागं लपून भात खाल्ला. चोरावानी. घास उतरत नव्हता."

गुरुजींनी मान खाली घातली. "रुख्मा, मले मालूम नव्हतं."

"हौ," ती म्हणाली. "थेच तवा सांगायचं होतं."