जानेवारीची पिशवी

सशांच्या लेंड्या गोळा करून चार पैसे मिळवणारी बाई आमच्या गावात मी एकटीच. दर महिन्याला टेकडीवरच्या बिळांपाशी जायचं, कागदी पिशवीत लेंड्या भरायच्या, वर महिना-साल लिहायचं आणि कासेरेस शहरात, विद्यापीठातल्या आम्पारोबाईंकडे पाठवायचं. सशानं काय खाल्लं ते त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगतात. गाव हसतं. हसू दे, लोकांना दुसरे उद्योग काय!

यंदा मात्र टेकडीखालच्या शेताचा मालक सातुरिओ पेटला. ससे माझा जव फस्त करतात, म्हणाला. सभेत ठरलं, लेंड्यांत जव निघाला तर रविवारी बिळांत फेरेट, म्हणजे मुंगसासारखी पाळीव शिकारी जनावरं, सोडून सगळे ससे बाहेर काढून मारायचे.

माझे सासरे एउतिमिओ ब्याऐंशीचे. सासूबाई गेल्यापासून त्यांची प्रत्येक सकाळ त्या टेकडीवरच जाते. ससे गेले तर मामंजी घरात भिंतीकडे तोंड करून बसतील, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आणि जानेवारीत मी स्वतःच्या डोळ्यांनी ससे जवात चरताना बघितले होते. म्हणून त्या महिन्याची पिशवी मी चुलीत घालायला निघाले. मामंजींनी मनगट धरलं.

"ओब्दुलिया, काय करतेस?"

"तुमचे ससे वाचवतेय."

"लेंडी खोटं बोलत नाही. मग आपण कशाला बोलायचं? दे पाठवून."

पाठवली. मनातून त्यांना लाख बोल लावले.

सभेला अख्खं गाव लोटलं. आम्पारोबाई वाचू लागल्या. वसंतात कोवळं गवत नि रानटी घास. उन्हाळ्यात वाळकं गवत आणि कापणीत सांडलेले दाणे. शरदात पावसानंतर फुटलेले कोंब. "आणि या जानेवारीत," त्यांचा आवाज उतरला, "निम्म्याहून जास्त जव."

"बघा!" सातुरिओ बाकावरून उठलाच. "मी काय सांगत होतो?"

मामंजी मात्र शांतपणे म्हणाले, "बाई, गेल्या जानेवारीत?"

बाईंनी पानं उलटली. "जव जवळजवळ नाहीच. सगळं गवत."

"सातुरिओ, बांधाकडची पडीक गवताची पट्टी कधी नांगरलीस रे?"

"या डिसेंबरात, पुरीसिमाच्या, मेरीमातेच्या सणाआधी. नाहीतर सणाला पाहुणे येऊन म्हणतील, काय आळशी माणूस, शेतात रान माजलंय!"

"म्हणजे तूच त्यांचं ताट उचललंस, आणि वर ते तुझ्या ताटात जेवले म्हणून बोंब मारतोस!"

सभा खदाखदा हसली. पाद्रीबाबासुद्धा. सातुरिओ लालभडक झाला, डोकं खाजवू लागला, शेवटी स्वतःच हसत सुटला. "बरं बाबा, पुन्हा नाही नांगरत पट्टी, वाढू दे गवत! पण काका, लोक मला आळशी म्हणणार, त्याचं काय?"

"पाटी लावू," आम्पारोबाई म्हणाल्या.

रविवारी फेरेट आले नाहीत. पट्टीच्या तोंडाशी फळी उभी राहिली: 'हे गवत सशांसाठी राखलं आहे. मालक आळशी नाही.' सातुरिओनं खांब धरला, मामंजींनी ठोकला. म्हातारा ठोकताना गात होता. मामंजींना सावरायला म्हणून मी गेले होते, आणि बांधावर बसून हमसून रडले ती मीच.

"सूनबाई," मामंजी ओरडले, "रडून झालं असेल तर खिळे दे इकडे!"