धुतलेली कॉफी

आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पाण्याचं वेड होतं. बादली भरलेली दिसली की काहीतरी धुवायला घ्यायचे. सायकल, बैल, उंबरठा, हाताला लागेल ते. लष्करात वीस वर्षं गाडी चालवली, तिथली ही सवय असं मी समजत होते. मी मूर्खच होते.

त्याच नोकरीत असताना त्यांनी कूर्गहून कॉफीची रोपं आणली आणि अकोले तालुक्यातल्या डोंगरात, आमच्या बौद्धवाडीमागच्या एकरभर उतारावर लावली. गाव हसलं, पण झाडं लागली. फळं तोडायची, साल काढायची आणि आतल्या बिया धुऊन वाळवायच्या, ही दादांची रीत. शहाण्णव साली विहीर आटली. प्यायलाच पाणी पुरेना, तिथे बिया कशाने धुणार? मी त्या चिकट गरासकट बांबूच्या तट्ट्यांवर पसरल्या. दादा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

तीच कॉफी राधाकृष्ण पै प्यायले. पुण्यात त्यांचं कॉफीचं दुकान. भंडारदरा बघायला आले होते, गाडी बिघडली म्हणून आमच्या ओट्यावर टेकले. दुसरा कप मागून घेतला आणि म्हणाले, "ही गरासकट वाळवलीय ना? काही देशांत मुद्दाम अशी करतात. मधाची कॉफी म्हणतात, मध थेंबभरही नसतो. पुढच्या वर्षी सगळी अशीच ठेवा, मी घेतो."

ते गेल्यावर दादा म्हणाले, "मोठी मान्सं अशीच गोड बोलत्यात. घान कुनी इकत घेतं व्हय?"

त्याच सुमारास मला केडगावचं स्थळ आलं. मला तिथल्या दोन खोल्यांत जन्म काढायचा नव्हता. मला मळा हवा होता. मी भांडले, रडले, जेवण सोडलं. शेवटी दादांनी शब्द दिला, "येत्या साली त्या सायबानं कॉफी उचलली तर मळा तुजा. न्हाई तर गुमान लग्नाला उबी ऱ्हायचं."

पुढच्या जानेवारीत मी पंधरा दिवस त्या बियांमागे होते. तासातासाला हाताने हलवायच्या, नाहीतर बुरशी धरते. बोटं एकमेकांना चिकटायची, माश्या नाकातोंडात जायच्या. बिया हळूहळू गुळासारख्या तांबूस झाल्या. पैंचं पत्र आलं, रविवारी येतो. तेवढ्यात श्रीरामपूरची भागूबाई मावशी पडल्याचा निरोप आला. नुसत्या हलव, दुसरं काही करू नकोस, असं आईला चारदा बजावून मी गुरुवारी एसटी धरली.

शनिवारी दुपारी परतले, तर तट्ट्यांवर पांढऱ्याशुभ्र बिया.

दादांनी भाड्याची जीप करून धरणावरून आठ पिंपं पाणी आणलं होतं. त्यांनी आणि आईने मिळून सगळा माल पायांनी रगडून, चार पाण्यांतून काढला होता. दादांच्या टाचा सोलल्या होत्या, तरी चेहरा सणाचा.

"बघ कशा लखलखत्यात," ते म्हणाले. "पाव्हना येनार, त्याला काय माश्या बसलेला माल दावायचा?"

आई माझ्याकडे बघत नव्हती. मी तट्ट्यापाशी बसले ती संध्याकाळपर्यंत उठले नाही.

रविवारी पै आले. बिया हातात घेऊन उलटसुलट केल्या. दादांच्या आग्रहाखातर मी थोड्या कांडून, भाजून कॉफी केली. दोन घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला.

"वाईट नाही," ते म्हणाले. "पण अशी मला दक्षिणेतून हवी तेवढी मिळते. मला ती चिकटच हवी होती."

दादा हसले. त्यांना वाटलं, साहेब चेष्टा करतोय. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसायचं थांबले.

गाडी वळणाआड गेली आणि मी ओरडले. सगळ्या वाडीने ऐकावं अशी ओरडले. "कुनी सांगितलं हुतं धुवायला? तुमाला माजं चांगलं बघवलंच न्हाई!"

दादा एक रिकामं पिंप आडवं करून त्यावर बसले. मग म्हणाले,

"माजा बा अकोल्याच्या बाजारात मोळी इकायचा. मी बारका, संगं असायचो. घेनारी बाई मोळीवर आदी पानी शिंपडायची, मग घरात न्यायची. आमच्या हाताचा इटाळ जावा म्हनून. लाकडावर, शुभे! म्हनलं, माज्या लेकीच्या मालावर कुनी पानी शिंपडायच्या आदी आपनच धुवून द्यावा."

मला त्यांचे सोललेले पाय पोटाशी धरावेसे वाटले आणि ते पिंप त्यांच्यासकट उतारावरून ढकलून द्यावंसंही वाटलं. दोन्हींतलं काहीच न करता मी घरात गेले. मे महिन्यात माझं लग्न झालं.

पुढच्या जानेवारीत माहेरी आले, तेव्हा दादा उन्हात एकटेच बसले होते. समोर सगळ्या तट्ट्यांवर चिकट, तांबूस बिया. एका हाताने माश्या हाकत होते, दुसऱ्याने बिया हलवत होते.

"यंदा एक थेंब लावला न्हाई बग," ते म्हणाले. "त्या सायबाला कळीव. पत्ता हाय ना तुज्याकडं?"

पत्ता पैंच्या पत्रावर होता. ते पत्र मी त्या रविवारीच चुलीत घातलं होतं.