दोनपासून मोजताना

जिपारने सुरी दाबलेल्या लोकरीच्या लाल नमद्यात खुपसली आणि थेट खालच्या निळ्या नमद्यापर्यंत उतरवली. समोर तिची धाकटी बहीण मेरिम दोन्ही थर गुडघ्यांखाली दाबून बसली होती. मग लालातून कापलेले शिंगांच्या आकाराचे तुकडे निळ्यात शिवायचे, निळ्यातले लालात. एका कापणीतून दोन गालिचे. हे काम एकटीला जमत नाही. आई गेल्यापासून जिपारने सुरीला हात लावला नव्हता.

आईच्या पायाशी बसून दोघींनी लहानपणी जी भाषा रचली, तीही जणू याच सुरीने कापलेली होती. तिच्यात लाल नव्हता, निळा नव्हता. दोघांना मिळून ‘खुगा’ हा एकच शब्द. आणि आकडे दोनपासून, म्हणजे ‘तुमा’पासून, सुरू होत.

"सुरी वाकडी जातेय, एजे. म्हातारी झालीस!" मेरिमने थोरल्या बहिणीला चिडवले.

"तू आधी नीट धर. मॉस्कोत लोकांची भांडी घासून ताकद गेली वाटतं."

मेरिम हसली. बऱ्याच वर्षांनी ती नारीनला, घरी, आली होती. राहणार की परतणार, हे जिपारने विचारले नव्हते. सकाळपासून ती फक्त मेरिमचा चहाचा पेला अर्धा-अर्धा भरत होती. काठोकाठ भरला की पाहुण्याने उठायचे, अशी रीत होती.

"आपली भाषा तिकडे चौघी बोलतो आम्ही," मेरिम म्हणाली. "खोलीतल्या पोरींना शिकवली. मालकिणीला शिव्या द्यायला बरी पडते. पण आता तुला निम्मीच कळेल."

"म्हणजे आपल्या भाषेला लेक झाली, आणि मला साधं कळवलंही नाहीस! मोज बघू तिच्यात."

मेरिमने कापलेली शिंगे ओढून घेतली. "नेर. तुमा..."

सुरी थांबली.

"नेर काय?"

"एक."

"तो कशाला लागला तुम्हाला?"

मेरिम बोटांना चिकटलेली लोकर सोडवत राहिली. "पोरी नंतर आल्या, एजे. पहिला हिवाळा मी एकटीच होते."

जिपारने नमद्याची कड सरळ केली. ती सरळच होती.

"तिकीट कधीचं आहे?"

"शुक्रवारचं."

जिपारने मान हलवली. सुरी पुसून बाजूला ठेवली आणि मेरिमच्या अगदी जवळ सरकून बसली.

"तो शब्द परत म्हण," ती म्हणाली. "हळू म्हण. पाठ करायचाय मला."