मिसिरा सोडून सगळीकडे

सांगारे डॉक्टरबाईंनी माझ्या दंडावरचा पट्टा दोनदा फुगवला, दोनदा सोडला आणि मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुणाचा तरी खून करून आलोय.

"झुमाना दियारा, काम काय करता तुम्ही?"

"पाण्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीत बसतो. एकोणीस वर्षं झाली."

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "गोळ्या देते. पण रोज संध्याकाळी तासभर चालायचं. मोटारसायकल घरी ठेवायची. आणि चालताना कचेरीचा विचार करायचा नाही."

मालीच्या राजधानीत, आमच्या बामाकोत, माझ्या वयाचा, पोट सुटलेला, इस्त्रीचा झगा घातलेला माणूस पायी दिसला की लोकांना दोनच गोष्टी सुचतात: गाडी बिघडली, नाहीतर नोकरी गेली. पहिल्याच आठवड्यात आमच्या हमदल्लायच्या रस्त्यावर सहा जणांनी मोटारसायकल थांबवून "बसा मागे, सोडतो" म्हटलं. एका मास्तरांना तर नाही म्हणवेना. त्यांच्या मागे बसून चार किलोमीटर लांब उतरलो आणि तिथून घरापर्यंत तंगडतोड केली. डॉक्टरबाईंच्या खात्यात तेही चालणंच.

रक्तदाबाचं खरं कारण मात्र मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते मिसिरा नावाच्या वस्तीत राहत होतं. माझा थोरला भाऊ बुरामादादा आणि त्याची बायको सिरावहिनी.

वहिनी माहेरची त्राओरे, आम्ही दियारा. त्राओरे आणि दियारा यांचं थट्टेचं नातं पिढ्यानपिढ्यांचं. एकमेकांना गुलाम म्हणायचं, चवळीखाऊ म्हणायचं, ज्याला म्हटलं त्याने हसून दुपटीने परत करायचं. रागवायचं मात्र नाही, एवढी एकच अट. त्यात ती वहिनी, म्हणजे दिराची टर उडवायचा तिला दुहेरी हक्क. दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. त्या आठवड्यात निम्म्या शहराचे नळ कोरडे होते आणि दिवसभर खिडकीत बसून मी सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. वहिनीने भरल्या पंगतीत सुनेला सांगितलं, "याला मटण नको गं वाढू. चवळी असेल तर टाक पुढ्यात, जन्मभर तीच खाल्लीय त्याने." सगळे हसले. मी हात धुतले, उठलो आणि चालता झालो.

बरं, नुसता उठलो असतो तरी निभावलं असतं. मी वाट न मागता उठलो. आमच्याकडे पाहुणा निघताना यजमानाकडे वाट मागतो आणि यजमान अर्धीच वाट देतो, म्हणजे उरलेल्या अर्ध्यासाठी पाहुण्याने परत यावं. थट्टेवर रागवायचं नाही आणि वाट मागितल्याशिवाय निघायचं नाही, या गोष्टी आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतात. मी एका जेवणात दोन्ही मोडल्या. चूक दुसऱ्याच दिवशी कळली होती. पण त्या दिवशी गेलो नाही, तिसऱ्या दिवशी जाणं जड वाटलं आणि बघता बघता दोन वर्षं गेली.

आता माझ्या सानाताचं लग्न ठरत होतं. पुढच्या महिन्यातल्या एका गुरुवारी देंबेलेंच्या घरचे कोलाच्या बिया घेऊन मागणी घालायला येणार होते. मुलीच्या कोलाबिया बाप हातात घेत नाही, घरातला थोरला घेतो. आमचा थोरला मिसिरात. तो आला नाही तर बिया दारातूनच परत जाणार आणि पोरीचं लग्न तिथेच अडणार. पोर काही बोलत नव्हती, पण रोज संध्याकाळी मी परतलो की दारात उभी असायची आणि माझं तोंड बघून आत जायची. ते मला फार लागायचं.

माझी बायको फिली मात्र बोलायची. "सगळं गाव तुडवून येता रोज. भावाच्या दारातच तेवढे तुमचे पाय दुखतात?"

"कुणाला तरी पाठवतो मी."

"पाठवा की. लग्नात बाप म्हणूनही दुसराच कुणीतरी उभा करा."

मग मी चपला घालायचो आणि निघायचो. बादियालान झालं, दारसलाम झालं, बागादाजी झालं. मिसिरा सोडून सगळीकडे. आणि सांगायला हरकत नाही, मला हे चालणं आवडायला लागलं. गाडीवरून शहर नुसतं मागे पडतं, पायी निघालं की ते थांबवून चौकशी करतं. बादियालानमध्ये आंब्याखाली चहा उकळत बसलेलं एक टोळकं होतं. त्यांच्याजवळून गेलं की सकाळ कशी गेली, बायको बरी, मुलं बरी, गुडघे बरे, एवढं सगळं विचारून झाल्यावरच पुढे सोडायचे. शेवटचा प्रश्न आडनावाचा. दियारा म्हटलं की त्यांतला एक दाढीवाला त्राओरे टाळी वाजवायचा. "सरका रे, चवळीचं पोतं चालत आलंय!"

पहिल्या दिवशी माझे कान तापले. चौथ्या दिवशी मी म्हणालो, "पोतं आहे म्हणून तर तुझ्यासारखे उंदीर मागे लागतात." टोळक्याने त्याची अशी काही खिल्ली उडवली की मला चहाचा दुसरा पेलाही मिळाला. घरी येताना मी एकटाच हसत होतो. एका बाईने पोराला माझ्यापासून लांब ओढलं.

महिन्याभराने डॉक्टरबाईंनी पुन्हा पट्टा फुगवला. वरचा आकडा एकशे ऐंशीवरून एकशे साठवर आला होता आणि तिथेच ठाण मांडून बसला होता. "अजून काहीतरी अडकलंय," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो.

मेदिना कुराच्या टोकाला, जिथून मिसिराचा रस्ता फुटतो, तिथे न्याकाले त्राओरे नावाची बाई बाजरीचे अप्पे करते. साठीची, अंगाने भक्कम, हातात सळई आणि जिभेला हाड नाही. तिच्याकडे चार अप्पे खायचे आणि मागे फिरायचं, असा माझा नेम झाला होता. कोलाबियांच्या गुरुवारआधीच्या मंगळवारी तिने अप्पे दिलेच नाहीत.

"काय रे गुलामा, तीन आठवडे बघतेय मी. इथवर येतोस, त्या रस्त्याकडे साप बघावा तसं बघतोस आणि उलटा पळतोस. कोण राहतं तिकडे? सावकार?"

"भाऊ."

"भावाला घाबरतोस?"

"वहिनीला." मग सगळंच सांगून टाकलं. चवळी, पंगत, न मागितलेली वाट, गुरुवारच्या कोलाबिया. तिने सळई खाली ठेवली.

"त्राओरेच्या थट्टेवर रागावलास? खराखुरा?"

"खराखुरा."

"आणि हे तोंड वर करून त्राओरेलाच सांगतोस!" ती शेजारच्या भाजीवालीकडे वळली. "ए, जरा तव्याकडे बघ गं. माझा एक गुलाम बिघडलाय, मालकाकडे पोचवून येते." मग मला म्हणाली, "ऊठ."

आता, त्राओरेने ऊठ म्हटल्यावर दियाराला नाही म्हणता येत नाही. मी उठलो. रस्ताभर ती पुढे, मी मागे. दादाचं घर जवळ आलं तशी माझी चाल मंदावली.

"तुम्हीच बोला ना त्यांच्याशी," मी म्हणालो.

"दार मी उघडून देईन. थट्टा तू मोडलीस, तूच जोडायची."

फाटकात उभी राहून तिने आरोळी ठोकली, "घरात कुणी त्राओरे आहे का? दोन वर्षांपूर्वी हरवलेला गुलाम सापडलाय! थोडा खराब झालाय, पण चालतो!"

अंगणात दादा दोऱ्यांनी विणलेल्या खुर्चीत बसला होता. मला बघून त्याने मान भिंतीकडे वळवली. केस पार पांढरे झाले होते त्याचे. दोन वर्षांत माझा भाऊ म्हातारा झाला आणि मी दोन कोसांवर राहून ते बघितलं नाही, या विचाराने मला रडूच आलं. तेवढ्यात वहिनी बाहेर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. न्याकालेने मागून कोपर मारलं.

"वहिनी," मी म्हणालो. "चवळी शिजवलीस का? वास पार हमदल्लायपर्यंत येतोय. तुम्हा त्राओरेंना लपवून खायचीही अक्कल नाही."

ती हसली नाही. तशीच आत गेली. मला वाटलं, संपलं सगळं. पण ती परत आली ती झाकलेला वाडगा घेऊन. माझ्यापुढे ठेवून तिने झाकण काढलं. चवळी होती.

"वाट मागितली नव्हतीस," ती म्हणाली. "म्हणजे तू या घरातून निघालाच नाहीस. जो घरात आहे त्याचं जेवण तर काढून ठेवायलाच लागतं. जेव्हा जेव्हा चवळी शिजली तेव्हा तेव्हा तुझा वाडगा काढला."

"आणि खाल्ला कुणी?" मला विचारायचा धीर झाला.

"अन्न टाकायचं का मग?" दादा भिंतीकडे बघतच ओरडला. "मी खाल्ला! दोन वर्षं! मला चवळी बघवत नाही हे साऱ्या जगाला माहीत आहे, आणि या हरामखोरापायी दुप्पट खातोय!"

आधी न्याकाले हसली, मग वहिनी. मी चवळी खात होतो, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि दादा म्हणत होता, "पुसून काढ वाडगा. एक दाणा मला ठेवू नकोस."

वाडगा रिकामा झाल्यावर मी घसा साफ केला. "दादा, गुरुवारी देंबेलेंकडचे…"

"चार वाजता. माहीत आहे. तुझ्या बायकोने महिन्याभरापूर्वीच सांगितलंय. झगा शिवून तयार आहे. तू बोलावतोस का, तेवढंच बघत होतो."

न्याकाले तव्याकडे परत गेली. जाताना मला बजावून गेली की उद्यापासून अप्पे सहा घ्यायचे. ऊन उतरलं तसा मी उठलो आणि दोन्ही हात जोडून उभा राहिलो. "दादा, वहिनी, वाट द्या."

"अर्धी दिली," दादा म्हणाला आणि काठी शोधायला लागला. "चल, सोडतो कोपऱ्यापर्यंत."

कोपरा आला, मेदिना कुरा आलं, रेल्वेचे रूळ आले, तरी त्याची बडबड संपेना. रुळांपाशी तो थांबला. "गुडघे दुखतायत. एकटा कसा जाऊ आता? चल, मला सोडायला."

मग मी त्याला त्याच्या फाटकापर्यंत सोडलं. फाटकातून वहिनी ओरडली की पाहुण्याला असं एकटं पाठवतात का, म्हणून तो पुन्हा माझ्याबरोबर निघाला. डॉक्टरबाईंनी तासभर सांगितलं होतं. त्या दिवशी आमचे अडीच तास झाले.

घरी सानाता दारात उभी होती. तिने माझं तोंड बघितलं आणि आत गेली नाही.