खुर्चीसोबतचं स्टूल

मुलासाठी मुलगी पाहायला आलेले भैय्याजी खुर्चीत टेकले आणि मग टेकतच गेले. खुर्ची विलायती होती. वाकवलेल्या लाकडाचं कवच, आत काळं चामडं, आणि पाठ इतकी मागे रेललेली की बसणाऱ्याला समोरची माणसं कमी आणि छत जास्त दिसे. गोपाळरावांनी ती मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी इंजिनिअरच्या लिलावातून आणली होती. सोबत तसंच काळं स्टूल आलं. त्याला पाठ नाही, हात नाहीत, उंचीही बेताची. म्हणजे ते दाखवायच्या मुलीसाठीच असणार, असं घरात एकमताने ठरलं. गेली चार वर्षं नीला त्यावर बसत होती. आजची अकरावी वेळ.

"नाव काय बाई तुझं?"

"नीला गोपाळराव देवतळे."

"शिक्षण?"

"बी.ए."

"आणि स्वयंपा..."

पुढचं घोरण्यात गेलं. मे महिन्यातली दुपार होती आणि कूलरची वाळ्याची झुळूक नेमकी खुर्चीवर येत होती.

मुलाच्या वडिलांनी 'जा बाई आत' म्हटल्याशिवाय मुलीने उठायचं नाही. नीला बसून राहिली. पोहे निवू लागले. हे स्थळ गेलं की पत्रिका कायमची पेटीत ठेवायची, असं गोपाळरावांनी सकाळीच जाहीर केलं होतं.

"उठवू काय जी त्याइले?" त्यांनी हळूच विचारलं.

"राहू द्या," दिवाणावर बसलेला केशव म्हणाला. पाहायला आलेला मुलगा तोच. "सकाळपासून हे तिसरं घर आहे. बाबा लय थकून राहिले."

"एकूण किती झाली?"

हे नीलाने विचारलं होतं. गोपाळराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले.

"चौदा," केशव म्हणाला. "पोहे सगळीकडे सारखेच."

"आमचेही?"

"तुमच्यात तिखट जास्त आहे."

"भिवापूरचं आहे ते. घाबरून घालाव लागते."

केशवला हसू आलं. वडिलांकडे पाहून त्याने ते पोह्यांबरोबर गिळलं.

झोपेत भैय्याजींचे पाय पुढे सरकले. जरा उचलले गेले, हवेत काहीतरी शोधून परत खाली आले. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. नीला पाहत राहिली. मग कोणी न सांगता उठली, स्टूल खुर्चीपुढे सरकवलं आणि म्हाताऱ्याचे पाय अलगद त्यावर ठेवले. खुर्चीचा उतार आणि स्टुलाची उंची जुळून आली. भैय्याजींनी एक लांब सुस्कारा सोडला.

"अरे," गोपाळराव म्हणाले. बराच वेळ ते स्टुलाकडेच पाहत होते.

खोलीत आता बसायला दिवाणच उरला होता. केशवने शेजारची बशी उचलून मांडीवर घेतली. नीला त्या मोकळ्या जागेवर बसली.

खुर्चीत भैय्याजींनी चुळबुळ केली, डोळे किलकिले होऊ लागले.

गोपाळराव उठले आणि त्यांनी कूलर आणखी जोरात केला.